सिंगिंग बाऊलच्या पहिल्या सेशनला जाताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय पंचेचाळीस. वर्षभर झोप धड लागत नाही, तपासण्या सगळ्या नॉर्मल. मैत्रिणीने सिंगिंग बाऊलच्या, म्हणजे ठोकून किंवा कडेवर काठी फिरवून घुमवायच्या काशाच्या वाडग्यांच्या सेशनला नाव घातलंय. तिला स्वतःला तिथे रंग दिसले, रडू आलं आणि नंतर मोकळं वाटलं. नवरा म्हणतो, थोतांड आहे. पेसमेकर बसवलेली आई म्हणते, मीही येते. तर तिथे नेमकं काय घडतं, अपेक्षा काय ठेवायची आणि आईला न्यायचं का?

आईंचं आधी सांगते, बाकीचं थांबू शकतं. त्यांनी खुर्चीत बसून लांबून ऐकायला माझी हरकत नाही, पण त्यांच्या कार्डिऑलॉजिस्टना एकदा विचारून. अंगावर बाऊल मात्र ठेवू द्यायचा नाही. छातीवर तर नाहीच, पाठीवरही नाही. काशाला चुंबक चिकटत नाही, तेव्हा यंत्र ओढलं जाईल वगैरे भीती नको. अडचण कंपनाची आहे. बऱ्याच पेसमेकरमध्ये माणसाची हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. माणूस चालायला लागला की यंत्र ठोके वाढवतं. छातीवर ठेवलेल्या बाऊलचं कंपन त्या सेन्सरला हालचालीसारखं वाटू शकतं. हे सगळं सेशन घेणाऱ्याला आधीच सांगा. त्यावर 'काही होत नाही हो, उलट हृदयाला चांगलं' असं उत्तर आलं, तर नुसत्या आईच नव्हे, तुम्हीही परत फिरा.

आता तुमचं. मी सोळा वर्षं हे काम करते आहे आणि पहिल्यांदा येणाऱ्याला कबूल करते ते एवढंच: तासभर तुम्ही पडून राहाल, मी बाऊल वाजवीन, आणि बहुधा आलात त्यापेक्षा थोड्या सैल होऊन उठाल. बहुधा. काही जणांना काहीच होत नाही. त्यात त्यांचं काही चुकलेलं नसतं आणि बाऊलचंही नाही.

पहिली दहा-पंधरा मिनिटं माझ्याकडे बाऊलला हातही लागत नाही. नुसत्या चौकश्या. कोणती औषधं चालू आहेत, अलीकडे ऑपरेशन झालंय का, फिट येतात का, दिवस गेलेत का, कानात आवाज येतो का, मोठ्या आवाजाने दचकायला होतं का. लोकांना हा भाग कंटाळवाणा वाटतो. मलाही सुरुवातीला वाटायचा, म्हणून मी तो उरकायची. एकदा एक आजोबा आले, कानात मशीन होतं, मी विचारलं नाही. दहाव्या मिनिटाला ते ताडकन उठून बसले. म्हणाले, 'वाटी रडतेय, थरथरतेय, बंद करा.' मला वाटलं, काहीतरी खोल बाहेर आलं! नंतर कळलं ते असं. डिजिटल श्रवणयंत्रात शिट्टी दाबण्याची सोय असते. बाऊलसारखा लांब, सलग सूर आला की त्या सोयीला तो यंत्राचीच शिट्टी वाटतो, मग ती त्याला मोडायला जाते आणि ऐकणाऱ्याला फाटका, थरथरता आवाज येतो. पुढच्या वेळी मशीन काढून ठेवलं, बाऊल जवळ घेतला, आजोबा निवांत पडून राहिले. तेव्हापासून चौकशी उरकत नाही.

मग गादी. पाठीवर झोपायचं, गुडघ्यांखाली लोड, डोळ्यांवर हलका रुमाल, अंगावर चादर. चादर नको म्हणणारे वीस मिनिटांनी हळूच मागून घेतात, कारण स्थिर पडलं की अंग गार पडतं. डोळे मिटायचे नसतील तर मिटू नका. अनोळखी माणसांत आडवं पडून डोळे मिटणं सगळ्यांना सुखाचं नसतं, विशेषतः मागे काही वाईट भोगलेलं असेल तर. भिंतीला टेकून, डोळे उघडे ठेवून ऐकलं तरी तेवढंच चालतं. आणि थांबवायची खूण आधी ठरवून घ्या. माझ्याकडे हात वर केला की मी दुसऱ्या क्षणी थांबते, कारण विचारत नाही.

पहिला ठोका मोठ्या बाऊलवर, फेल्ट गुंडाळलेल्या मोगरीने, पायांच्या बाजूला. पायांकडून सुरुवात करण्यात गूढ काही नाही. कानापासून लांब असलेला आवाज आधी ओळखीचा होऊ द्यायचा, मग जवळ यायचं. ठोका पडताना एक बोथट 'ढुम्' येतो, तो लगेच विरतो, आणि त्याच्या खालून एक लांब घुमार वर येतो. नीट ऐकलंत तर तो घुमार सरळ नसतो, डोलतो. वाँव-वाँव-वाँव. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा अगदी किंचित विसंवादी असताना जो डोल ऐकू येतो, तोच हा. हाताने ठोकून घडवलेला बाऊल कधीच तंतोतंत गोल नसतो, त्यामुळे तो एकाच वेळी दोन जवळजवळच्या कंपनसंख्यांनी वाजतो. एक 200 आणि दुसरी 203 हर्ट्झ असेल, तर सेकंदाला 3 डोल. कारागिराच्या हाताचा हा कमीजास्तपणा नसता तर आवाज सपाट झाला असता. शिवाय बाऊलचे वरचे स्वरांश, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणारे उंच सूर, मूळ स्वराच्या दुप्पट-तिप्पट असे हिशेबात बसत नाहीत. पहिलाच मोठा स्वरांश साधारण पावणेतीन पटीच्या आसपास पडतो. त्यामुळे कानाला 'हा सा, हा प' असं बोट ठेवता येत नाही. गाणं शिकलेल्या माणसांची यात पाच मिनिटं भलतीच ओढाताण होते, ते सूर ओळखत बसतात. मग नाद सोडतात.

काठी कडेवर फिरवून वाजवतात ते वेगळं. ओलं बोट काचेच्या पेल्याच्या कडेवर फिरवल्यासारखं, काठी क्षणभर अडते, क्षणभर सुटते, आणि त्या अडण्या-सुटण्यातून बाऊल गायला लागतो. दिसायला ते छान. सेशनमध्ये मी ते कमी करते. जरा हात चुकला की काठी कडेवर खडखडते आणि पडलेल्या माणसाच्या कपाळाला आठी पडते.

तुम्ही 'चालेल' म्हणालात तरच, आणि वर सांगितलेल्या किंवा खाली सांगते आहे त्या अडचणींतलं तुम्हाला काही नसेल तरच, एखादा बाऊल अंगावर येईल. साधारण दीड-दोन किलोचा, रुंद बुडाचा. पालथं झोपवून दोन खांद्यांच्या मध्ये, मग कमरेखाली माकडहाडाच्या वर. इथे जे होतं ते शब्दांत सांगणं कठीण, पण करून बघते. आधी नुसतं वजन जाणवतं, कोणीतरी तळहात ठेवल्यासारखं. ठोका पडला की ते वजन पसरतं. बरगड्यांतून खाली उतरतं, कधी दातांतही बारीक जाणवतं. 'मोबाइल व्हायब्रेट होतो तसं?' असं सगळे विचारतात. तसं मुळीच नाही, त्याला कडा नसते. आपल्या त्वचेखाली खोल कंपन टिपणारी जी टोकं असतात, त्यांना पॅसिनियन कॉर्पसल म्हणतात. ती 250 हर्ट्झच्या आसपास सर्वांत तल्लख असतात. मध्यम आणि मोठ्या बाऊलचे मुख्य स्वर त्याच टापूत पडतात. म्हणून मोठा बाऊल अंगाला कळतो आणि चिमुकला नुसता कानाला.

आता तुम्हाला आतून काय वाटेल. पहिली दहा मिनिटं बहुतेक वाईट जातात. नाक खाजतं, घशात थुंकी अडकते, गॅस बंद केला का ते आठवतं, 'अजून किती वेळ' हा हिशेब चालू होतो. काहींना तर चीड येते: एवढ्यासाठी आलो? हे सगळं नेहमीचं आहे. त्याच्याशी भांडू नका. मी ठोक्यांमध्ये मुद्दाम वीस-तीस सेकंदांचं अंतर ठेवते. प्रत्येक वेळी आवाज विरत जातो आणि माणूस नकळत त्याच्या मागे जातो, अजून ऐकू येतोय का, अजून, अजून थोडा. त्या माग काढण्यात श्वास लांबतो, खास करून सोडतानाचा. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातलं खरं काम इथे होतं, ठोक्यात नाही. जो वाजवणारा तासभर एकावर एक नाद ओतत राहतो, त्याला हे कळलेलं नसतं. भरगच्च साउंड बाथमधून, म्हणजे नादात नुसतं पडून राहायच्या अशा सेशनमधून, डोकं जड होऊन बाहेर येणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि सुरुवातीच्या वर्षांत तशी माणसं मी स्वतःही तयार केली आहेत.

पंधरा-वीस मिनिटांनंतर बहुतेकांची जाग आणि झोप यांच्या सीमेवर तंद्री लागते. तुमच्या मैत्रिणीला दिसलेले रंग इथले. झोपेत शिरताना मिटल्या डोळ्यांपुढे रंग, चेहरे, तुकडे तरंगतात. ते रोज रात्री होतं, फक्त लगेच झोप लागते म्हणून आठवत नाही. पाय एकदम झटका देतो, पोट गुरगुरतं. पोट गुरगुरलं की लोक लाजून 'सॉरी' म्हणतात. मला मात्र ते ऐकून बरं वाटतं, शरीर सैलावल्याचं ते साधं लक्षण आहे. कोणी घोरतं. वेळेचा अंदाज चुकतो, पन्नास मिनिटं झाली तरी वीसच वाटतात.

आणि रडू. ते येतं, वरचेवर येतं, आणि त्याचा फार मोठा अर्थ लावू नये. महिनोन्‌महिने कोणी 'पड जरा, तुला काही करायचं नाही' असं म्हटलेलं नसतं. तशी सवलत मिळाली की डोळे भरतात. बाऊलने आतलं काही 'काढलं' असं मी म्हणत नाही. माझं काम तेव्हा रुमाल हाताशी ठेवणं आणि गप्प राहणं. रडणाऱ्याच्या कानाशी वाकून 'सोडून द्या, सोडून द्या' पुटपुटणाऱ्यांचा मला राग येतो. तुम्हाला रडू आलं नाही, तर मैत्रिणीपेक्षा तुमचं सेशन कमी दर्जाचं झालं असं समजू नका.

शेवटची पाच मिनिटं शांतता. त्यानंतर कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन हळू उठा. तासभर आडवं राहून एकदम उभं राहिलं की रक्तदाब क्षणभर उतरतो आणि गरगरतं. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांना जास्तच. गाडी चालवणार असाल तर पंधरा-वीस मिनिटं थांबा. पाणी प्या, तहान लागली असेल म्हणून. 'टॉक्सिन बाहेर पडतात, म्हणून तीन लिटर प्या' हे सोडून द्या. दुसऱ्या दिवशी डोकं दुखलं तर तीही 'शुद्धी' नाही. आवाज जास्त झाला असेल, किंवा मान वाकडी राहिली असेल. सांगा, म्हणजे पुढच्या वेळी सुधारता येतं.

तुमच्या यजमानांच्या शंकेला उत्तर द्यायला हवं, कारण ती अर्धी बरोबर आहे.

अभ्यास झालेत, थोडे आणि लहान. 2014 साली 51 जणांवरचा एक अमेरिकी अभ्यास प्रसिद्ध झाला: मार्गदर्शित विश्रांतीच्या आधी 12 मिनिटं एकदा बाऊल ऐकवला, एकदा नुसती शांतता. बाऊलच्या वेळी वरचा रक्तदाब आणि नाडी जास्त उतरली. त्यानंतर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या गटाने 62 जणांना तासाभराचं सेशन देऊन आधी-नंतर प्रश्नावली भरून घेतली. ताण, राग, थकवा, उदासी सगळं कमी भरलं. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, तेव्हा नुसतं तासभर पडून राहूनही किती उतरलं असतं ते त्यातून कळत नाही. 2020 मध्ये या विषयावरच्या उपलब्ध अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेतला गेला, तेव्हा निकषांत बसणारे अभ्यास चारच निघाले, आणि आढावा घेणाऱ्यांनी उपचार म्हणून शिफारस करायला एवढं पुरत नाही असंच म्हटलं. मला ते पटतं. ताण थोडा हलका होणं याला आधार आहे. मधुमेह, थायरॉइड, गाठी, मणक्याची झीज यांना नाही. झोपेची, बीपीची, नैराश्याची कुठलीही गोळी बाऊलच्या भरवशावर बंद करायची नाही, एक दिवसही.

आता थोतांडाचा भाग. तो आमच्याच लोकांनी वाढवला. 'सप्तधातूंचा बाऊल, त्यात सोनं, चांदी, पारा.' तपासलेले बाऊल निघतात काशाचे: साधारण चार भाग तांबं, एक भाग कथील, बाकीचं नाममात्र. पारा 357 अंश सेल्सिअसला उकळून उडून जातो. कांसं वितळवायला त्याच्या दुपटीहून जास्त तापमान लागतं. मुशीत पारा राहणार कुठे? 'हजारो वर्षांची तिबेटी उपचारपद्धती' हेही तसंच. बाऊल हिमालयाच्या परिसरातले, त्यातही नेपाळचे, हे खरं. पण आडवं पाडून बाऊल ऐकवण्याचा हा प्रकार 1970 च्या दशकात पाश्चात्त्य देशांत रुजला आणि तिथून सगळीकडे पसरला. पन्नास वर्षांची गोष्ट आहे, तेवढीच सांगावी. क्रिस्टल बाऊल तर त्याहून अलीकडचे. सिलिकॉन वितळवण्यासाठी क्वार्ट्झच्या ज्या मुशी बनवायचे, त्यांचे ते भाऊबंद. त्यांचा आवाज गोड वाटतो, पण तो एकसुरी, मोठा आणि कानात घुसणारा असतो. समूहात जागा निवडायची असेल तर त्यांच्या शेजारची गादी घेऊ नका.

सात चक्रं, सात सूर, सात बाऊल ही जोडीही नवीच. चक्रांवरचा 'षट्चक्रनिरूपण' हा 1577 चा ग्रंथ पाहिला तर प्रत्येक चक्राचं बीजाक्षर, पाकळ्या, देवता सगळं सापडतं. कुठल्या चक्राला कुठला बाऊल, हे त्यात नाही. चक्रांवर ध्यान करणाऱ्यांची मी थट्टा करत नाही. 'तुमच्या हृदयचक्रावर आवाज बसका येतोय, तिथे अडथळा आहे, सहा सेशन लागतील' हे ऐकवणाऱ्यांची मात्र जरूर करते. बाऊल अंगावरून फिरवताना आवाज का बदलतो? चादरीची घडी कडेला लागली, तळहात वर सरकला, किंवा बाऊल तुमच्या कानापासून दूर गेला. मी हे हवं तेव्हा, हव्या त्या 'चक्रावर' करून दाखवू शकते.

अजून एक आवडता खेळ म्हणजे पाणी. बाऊलमध्ये पाणी भरून काठी फिरवली की कडेला बारीक लाटा उठतात, जोर वाढला की थेंब उड्या मारतात. सुंदर दिसतं. 2011 मध्ये लिएज विद्यापीठ आणि एमआयटीच्या दोन संशोधकांनी याचं वेगवान कॅमेऱ्याने चित्रण करून गणितही मांडलं. मी मुलांना हौसेने दाखवते. मग पुढे कोणीतरी जोडतं: 'आपलं शरीर सत्तर टक्के पाणी, म्हणजे आतही असंच होतं.' नाही होत. हवेतून आलेला आवाज पाण्यावर आदळला की हजारातले जवळजवळ नऊशे नव्याण्णव भाग परत फिरतात, शरीरावर आदळला तरी साधारण तेच. म्हणून तर अंगावर ठेवलेला बाऊल आणि शेजारी वाजणारा बाऊल हे दोन निराळे अनुभव आहेत. मेंदूच्या लहरी बाऊलच्या डोलाला जुळून 'थीटा' या तंद्रीतल्या संथ लयीत जातात, या दाव्याला लहान प्रयोगांचे संकेत आहेत, भक्कम आधार नाही. मी तो माहितीपत्रकात छापत नाही.

कोणाच्या अंगावर बाऊल ठेवत नाही तेही सांगून टाकते: पायात रक्ताची गाठ असलेल्यांच्या, ताज्या टाक्यांवर किंवा न जुळलेल्या हाडावर, गर्भवतीच्या पोटावर. पहिल्या तीन महिन्यांत मी सेशनच घेत नाही. यात माझी सावधगिरी जास्त आहे. आवाजाने फिट येण्याचा प्रकार दुर्मीळ, पण अस्तित्वात आहे. कानात सतत आवाज येणाऱ्यांपैकी काहींना बाऊलने आराम पडतो, काहींचा त्रास त्या दिवशी वाढतो, म्हणून पहिल्यांदा पाच मिनिटंच.

झोपेचं विचारलंत. सेशनच्या रात्री बऱ्याच जणांना गाढ झोप लागते. ती पुढच्या आठवड्यात टिकेलच असं नाही. तीनदा येऊन बघा, पॅकेज घेऊ नका. तीन वेळांत फरक नसेल तर मी स्वतःच सांगते की तुमच्यासाठी हे नाही. वर्षभराच्या निद्रानाशावर त्याच्यासाठीच आखलेली सीबीटी नावाची समुपदेशनपद्धती आहे, तिचा पुरावा बाऊलपेक्षा कितीतरी भक्कम आहे. डॉक्टरांना तिच्याबद्दल आधी विचारा. बाऊल सोबतीला चालेल.

घरी करून बघायचं असेल तर एकच छोटा बाऊल पुरे. सपाट तळहातावर ठेवायचा, बोटं वर वळवायची नाहीत, नाहीतर आवाज मरतो. दिवा मालवण्याआधी एक ठोका, आणि आवाज पूर्ण गेला असं वाटेल तेव्हा दुसऱ्या हाताचं बोट उचलायचं. दुसऱ्यांदा बोट नक्की जास्त उशिरा उचललं जाईल. पाच ठोके, बस्स.

जाताना सैल कपडे, दोन तास आधी हलकं खाणं, गळ्यातलं-कानातलं घरी. फोन बंद, सायलेंट नव्हे. लाकडी जमिनीवर फोनची थरथर बाऊलपेक्षा लांब पोचते. यजमानांनाही न्या. त्यांनी विश्वास ठेवून यायची काही गरज नाही, माझे सर्वांत गाढ झोपणारे लोक 'मी फक्त बायकोला सोडायला आलोय' म्हणणारेच असतात. फक्त त्यांची गादी भिंतीकडेची मागा, घोरले तर बाकीच्यांची पंचाईत नको.